आत्याच्या चेहऱ्यावरचं तेज

सिडनीच्या विमानतळावर आत्याला विचारण्यात आलं, की सामानात जिवंत असं काही आहे का. आत्याने खरं ते सांगितलं. आहे, म्हणाली.

पुढची हकिकत तिने आम्हाला इतक्या वेळा, इतक्या हावभावांसकट सांगितली आहे, की मी त्या वेळी तिथे नव्हते हे आता माझं मलाच पटत नाही. दंडावर मासा गोंदलेला एक तरुण अधिकारी, त्याच्या पायाशी वास घेणारं कुत्रं, आणि टेबलावर आत्याचा कडीचा स्टीलचा डबा. डब्यात रेशमी खणात गुंडाळून ओळीने निजवलेले तिच्या सासरचे देव: रांगणारा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक गणपती आणि कुलदैवताचे चांदीचे टाक. आत्या पुण्याच्या एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, विषय गणित. खोटं उत्तर देणं तिला जमत नसे आणि अर्धवट उत्तराला ती गुण देत नसे. या देवांची प्राणप्रतिष्ठा तिच्या आजेसासऱ्यांनी केली होती, तेव्हा ते जिवंत होते हे उघडच होतं. त्या मुलाने घाबरून वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्या ग्रीक होत्या की इटालियन, कोण जाणे. त्यांनी डब्यात बराच वेळ पाहिलं, माझी आजीसुद्धा कुठे जायची तर असाच सगळा परिवार घेऊन जायची असं म्हणाल्या, आणि डबा सोडला. गोवऱ्यांचा धूप मात्र ठेवून घेतला. "देव सोडले आणि शेण ठेवून घेतलं," आत्या म्हणायची. "आवड एकेकाची."

आत्या तीन महिन्यांसाठी आली होती. ती आली आणि मागोमाग सगळ्या जगाची दारं बंद झाली. माझ्या मुलींना हे सांगताना मला नेहमी खुलासा करावा लागतो, की दारं बंद म्हणजे खरोखरच बंद. विमानं नव्हती, आणि नाकातोंडावर फडकं बांधल्याशिवाय दुधाची बाटलीसुद्धा आणता येत नव्हती. मुली मान डोलावतात. मी रचून सांगते असं त्यांना वाटतं. त्यांच्या आईचा लौकिक पाहता त्यांना दोष देता येत नाही.

आम्ही तेव्हा सिडनीच्या कडेला, स्कोफिल्ड्सला राहत होतो. नवी वसाहत, सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली, प्रत्येकापुढे काठीएवढं एक झाड. आमचे स्वतःचे देव स्वयंपाकघरातल्या पँट्रीत होते, तांदळाच्या पिशवीच्या वरच्या फळीवर, सिरियलच्या खोक्याशेजारी. आई तांदूळ काढताना त्यांना नमस्कार करायची. ज्या दिवशी पास्ता, त्या दिवशी नमस्कार नाही. आत्याने हे पहिल्याच दिवशी पाहिलं, आणि आपले देव पँट्रीत नेले नाहीत. एका फळीवर दोन बाळकृष्ण चालत नाहीत, असं तिने मला समजावलं. शिवाय हे तिच्या सासरचे. माहेरी येताना सासरची माणसं बरोबर आणली, तर त्यांची वेगळी सोय करावी, माहेरच्यांच्या उरावर बसवू नयेत. म्हणून पाहुण्यांच्या खोलीतलं माझं जुनं अभ्यासाचं टेबल देवघर झालं. टेबलाच्या कडेला मी लहानपणी चिकटवलेला कांगारू होता. तो द्वारपाल म्हणून राहिला.

त्या देवांना आत्याशिवाय कोणी नव्हतं. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि सासरची बाकी मंडळी एकेक करून संपली होती. "माझ्यामागे यांना कोण?" हे ती रोज संध्याकाळी वाती वळताना म्हणायची, पण रडव्या सुरात नव्हे, वर्गावर बदली शिक्षक मिळत नसल्याच्या सुरात. त्यामुळे तिचा दिवस त्यांच्याभोवती फिरायचा आणि आमचा तिच्याभोवती. "आधी देव, मग देह" हे तिचं सूत्र. सकाळी धुतलेल्या सुती पातळात ती स्वयंपाकाला उभी राहिली, की ओट्याला कोणी हात लावायचा नाही. साडेदहाला पूजा, अकराला सरकारची पत्रकार परिषद, जी ती न चुकता बघायची आणि आकड्यांच्या मांडणीवरून मंत्र्यांना नापास करायची, आणि बाराला नैवेद्य. वरण, भात, भाजी, वाटीत साय, वर तूप. देवांना दाखवल्याशिवाय घरात कोणाच्या तोंडात घास जायचा नाही. बाबा घरून काम करायचे, त्यांच्या मीटिंगमध्ये रोज घंटा ऐकू यायची, आणि मेलबर्नचा त्यांचा साहेब म्हणायचा, "साउंड्स लाइक लंच, मेट." डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर घरघरत जायचं. कुंपणावर मॅगपाय पक्षी घोगऱ्या गळ्याने गायचे. आणि मी, वय वर्षं सोळा, आत्यासमोर मांडी घालून पोथी वाचत असायचे, कारण इंग्रजीत उत्तरं देणारी भाची तिला चालत नव्हती. एका अक्षराला अडखळले, तर ओवी पहिल्यापासून. हे जे मराठी तुम्ही वाचता आहात, ते असं मिळवलेलं आहे, गुडघ्यांच्या मोबदल्यात.

या सगळ्यात आई कुठे होती, असं तुम्ही विचाराल. आई गॅरेजमध्ये होती.

माझी आई, शर्मिला, वेस्टमीडला एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती, रात्रपाळीची इन-चार्ज. कोविडचा वॉर्ड तिच्याकडे आल्यावर तिने गाडी रस्त्यावर काढली, गॅरेजमध्ये सोफाबेड टाकला, आणि ती तिथे राहायला गेली. गॅरेजला मागच्या अंगणात उघडणारं काचेचं दार होतं, शेजारी धुण्याची खोली आणि छोटी बाथरूम. सकाळी आठच्या सुमारास यायची. बूट बाहेर, कपडे पिशवीत, पिशवी थेट मशीनमध्ये, डोक्यावरून अंघोळ, मग नवा मास्क. तोवर तिला शिवायचं नाही, तिच्या वस्तूंना शिवायचं नाही, जवळ यायचं नाही. आत्या हे खिडकीतून बघायची आणि म्हणायची, किती ते सोवळं. आई आत्याचं ओलेतं पातळ, वेगळी दोरी आणि काठीने वाळत घातलेले कपडे बघायची आणि म्हणायची, किती ते इन्फेक्शन कंट्रोल. दोघी एकमेकींना अंधश्रद्धाळू समजत, आणि दोघींच्या मध्ये काचेचं एक दार आणि कढीपत्त्याची कुंडी. दिवसचे दिवस त्या एकमेकींना फक्त डोळ्यांपुरत्या, आणि त्याही लांबून दिसायच्या.

नैवेद्याआधी स्वयंपाकघर बंद, आणि आई आठला भुकेली यायची. त्यावर उघड चर्चा कधीच झाली नाही. गॅरेजमध्ये एक टोस्टर होता. टोस्टचा वास अंगणभर पसरायचा. आत्याला विचारलं तर म्हणायची, गॅरेज घरात मोडत नाही.

आता बाबांना रंगमंचावर आणते. माझे बाबा, मिलिंद, सॉफ्टवेअरमध्ये डिलिव्हरी मॅनेजर होते. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी एक तर प्रायॉरिटी वन होती, नाहीतर टू, नाहीतर ती गोष्टच नव्हती. एरवी देवाला ते वर्षातून दीड दिवस वेळ देत. पण लॉकडाऊनच्या दुसऱ्या हिवाळ्यात, ऑफिसचा प्रवास वाचल्याने हातात वेळ उरलेला असताना, त्यांनी एका रविवारी आम्हाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, आईला अंगणात खुर्ची देऊन दाराच्या काचेतून सामील करून घेतलं, आणि सांगितलं की आपलं कुटुंब आध्यात्मिकदृष्ट्या बॅकलॉगमध्ये आहे. चातुर्मास लागत होता. चार महिने प्रत्येकाने काहीतरी सोडायचं आणि काहीतरी धरायचं, ही जुनीच रीत. बाबांनी तिला फक्त स्प्रिंट हे त्यांच्या ऑफिसातलं नाव दिलं. त्यांनी स्वतः चहा सोडला आणि ध्यान धरलं. मला मोबाइल सोडायला सांगितला. मी म्हटलं, आय हॅव ऑनलाइन स्कूल, बाबा, आणि तो विषय तिथेच मिटला. आईला विचारलं, तू काय सोडतेस. आई काचेपलीकडे बसल्याबसल्या झोपली होती. बाबांनी तिच्या नावापुढे "नंतर बघू" असं धरलं.

आत्या म्हणाली, मी तूप सोडते.

आम्ही थक्क झालो. आत्या आणि तूप यांचा संबंध तुम्हाला ठाऊक नाही म्हणून तुम्ही शांतपणे हे वाचू शकता. ती बाई तुपात भात कालवायची, भातात तूप नव्हे. बाबांनी भारावून ठाण्याच्या नीलाकाकूला फोन केला. नीलाकाकू म्हणजे आमच्या घराण्याचं आकाशवाणी केंद्र. तिला कळलं की सगळ्यांना कळलं. थोड्या दिवसांनी आत्याने तळलेलं सोडलं. मग रात्रीचं जेवण. मग साय, मग दूध, आणि श्रावण लागेपर्यंत ती दुपारी दोन घास वरणभात आणि दिवसभर लिंबाचं पाणी यावर आली. देवांच्या ताटात मात्र काही कमी झालं नाही. त्यांच्या भातावर तूप पूर्वीइतकंच पडायचं, आणि प्रसाद म्हणून ते ताट बाबांना यायचं. चातुर्मासात आत्या उतरत गेली आणि बाबा चढत गेले.

बाबांच्या लेखी ही उघडउघड प्रगती होती. त्यांच्या ध्यानाला डुलकी लागायची, चहा तर तिसऱ्याच दिवशी परत आला होता, पण आपली बहीण आपल्या डोळ्यांसमोर एकेक पायरी वर जाते आहे याचा त्यांना निर्मळ आनंद होता. आरतीच्या वेळी तिचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी मला कोपराने खुणावलं आणि कानात सांगितलं की याला सात्त्विक भाव म्हणतात, नशीबवान आहेस, बघून घे. ती पोथी ऐकताना डोळे मिटून भिंतीला टेकायची, अंगावर शाल ओढायची. बाबा आवाज न करता दार लोटून घ्यायचे. आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नीलाकाकू चष्मा पुसून म्हणाली, "ताई, काय तेज आलंय हो चेहऱ्यावर. सोन्यासारखी कांती झालीय नुसती." सगळ्या चौकटींमधून सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खरोखरच आत्या सोनेरी दिसत होती. आमच्या घरात, स्कोफिल्ड्समध्ये, कार्पेटवर, एक माणूस संतपदाला चाललं होतं. मला तेव्हा हे अगदी शक्य कोटीतलं वाटलं. सगळं जगच बंद पडलं होतं, तर हे का होऊ नये?

त्यानंतरच्या आठवड्यातली ती सकाळ. लख्ख हिवाळी ऊन होतं, पायाखालचं गवत दवाने चिंब. आत्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तुळस नर्सरीतून आलेली, ऑस्ट्रेलियन नागरिक. आत्याचा मास्क हनुवटीवर होता. आई शिफ्टवरून येऊन, अंघोळ करून, टोस्ट हातात घेऊन काचेच्या दारात आली, आणि अर्धा टोस्ट तोंडात असताना थांबली.

"ताई, तिथेच उभ्या राहा," ती म्हणाली. "इकडे बघा. माझ्याकडे नको, वर उजेडाकडे. आता खालची पापणी ओढा."

आईचा हा आवाज घरातला नव्हता. तो वॉर्डातला होता, आणि आत्यासारख्या मुख्याध्यापिकेनेही निमूटपणे पापणी ओढली. आई गवतावरून अनवाणी चालत आली. कित्येक महिन्यांत त्या दोघींमधलं अंतर इतकं कमी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"मिलिंद," तिने हाक मारली, "ताईंचे डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

बाबांनी मीटिंगमधून खिडकीबाहेर डोकं काढलं. "पिवळे नाहीत गं. तेज आहे ते. नीलाकाकूसुद्धा म्हणाली."

"तेज नाही, बिलिरुबिन आहे," आई म्हणाली.

मग तिने आत्याच्या कपाळाला हात लावला आणि प्रश्न सुरू केले. आत्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नेमधर्माच्या भाषेत देत होती. जेवण का कमी? एकभुक्त आहे. दूध? सोडलंय. तूप? तेही. चातुर्मास आहे ना.

"चातुर्मास दरवर्षी असतो," आई म्हणाली. "तूप याच वर्षी का सोडलंत?"

आत्याने झारी खाली ठेवली. गणिताच्या बाईंना कोणीतरी अखेर बरोबर प्रश्न विचारला होता. "दुखायचं," ती म्हणाली. "इथे, बरगडीखाली. तुपाने जास्त. मग तळलेल्याने. मग कशानेही."

"थंडी वाजून ताप?"

"आरतीच्या वेळी येतो हल्ली."

खिडकीत बाबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांचे सात्त्विक भाव एकेक करून मावळले. लॅपटॉपमधून मेलबर्नचा साहेब "यू ऑन म्यूट, मेट?" असं विचारत होता.

आईने सांगितलं की पाच मिनिटांत निघायचं. आत्या म्हणाली, नैवेद्य झाल्यावर. आई म्हणाली, आत्ता. आत्या तुळशीच्या कट्ट्यावर बसली, म्हणजे तिला बसावंच लागलं, पण बसल्यावरही ती ठामच होती. तिने साऱ्या जन्मात या देवांना उपाशी ठेवलेलं नव्हतं. सासूच्या शेवटच्या आजारपणात नाही, काका गेले त्या सुतकातही नाही. तेव्हा शेजारच्या गुरुजींना बोलावून करून घेतलं होतं. इथे कोण होतं? हॉस्पिटलात त्या दिवसांत आत गेलेल्या माणसाला कोणी भेटायला जाऊ शकत नव्हतं. पेशंट कधी परत येईल, येईल की नाही, सांगता येत नसे. ती दुखणं का लपवत होती, हे मला तिथे, त्या ओल्या गवतावर कळलं. ती मरायला घाबरत नव्हती. रजा मंजूर होत नव्हती.

"आधी देव," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"देव स्टेबल आहेत, ताई," आई म्हणाली. "तुम्ही नाही आहात. जो जास्त आजारी तो आधी. आमच्याकडे मंत्री आला तरी याच क्रमाने घेतात."

"आणि मी गेल्यावर यांचं कोण करणार?"

"मी करतो ना, ताई," बाबा म्हणाले.

"तू परवापासून त्याच पायजम्यात आहेस, मिलिंद."

यावर खिडकी बंद झाली. आई आत्यासमोर गवतावर उकिडवी बसली. रात्रभर उभं राहून आलेली, केस ओले, हातात अजून टोस्ट. तो तिने माझ्याकडे दिला. मग म्हणाली, "हँडओव्हर द्या."

आत्याला ते कळलं नाही. आईने सांगितलं की पाळी संपली की जाणारी नर्स येणारीला एकेका पेशंटपाशी नेऊन त्याचं सगळं सांगते: कोण आहे, काय चालतं, काय चालत नाही, कशावर लक्ष ठेवायचं. ते घेतल्याशिवाय मी कोणाला घरी सोडत नाही, ती म्हणाली, आणि दिल्याशिवाय मी स्वतः निघत नाही. "माझा हात हॉस्पिटलचा आहे. चालत असेल तर द्या."

आत्याने त्या हाताकडे पाहिलं. सॅनिटायझरने सालं निघालेला, पांढरा पडलेला हात होता. तिच्या स्वतःच्या हातांपेक्षा तोच जास्त वेळा धुतला जात होता, हा हिशेब तिने तिथल्या तिथे केला असावा.

"पहिला गणपती," तिने सुरुवात केली. "त्याचं आधी. पाणी कोमट, पण अन्नपूर्णेला निवलेलं चालत नाही, तिचं वेगळं तापव. टाक नुसते पुसायचे, घासायचे नाहीत, झिजलेत. कुंकू तिला पायाशी, कपाळाला नको, नाक बुजतं."

"नाक मोकळं ठेवायचं," आईने परत म्हणून दाखवलं. "खाणं?"

"जे घरात शिजेल ते. कांदा-लसूण नाही. फार गरम नको."

"रात्री कोणी उठतं का?"

हा प्रश्न आत्याला आजवर कोणी विचारला नव्हता. तिने मान वळवून खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. "बाळकृष्ण," ती म्हणाली. "इथली थंडी त्याला सोसत नाही. पांघरूण सरकतं."

"बघते मी त्याला," आई म्हणाली, आणि गाडीची किल्ली आणायला उठली.

आत्याच्या पित्ताचा खडा नळीत अडकला होता आणि वर जंतुसंसर्ग झाला होता. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला, ताप उतरल्यावर पित्ताशयही काढून टाकलं. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आणलंत. आणखी थोडे दिवस तो नेम चालला असता, तर त्याचं उद्यापन आम्हाला करावं लागलं असतं.

मधल्या दिवसांत आमच्या घरी जे चाललं होतं, त्याचं पौरोहित्य शास्त्रात कुठे सापडणार नाही. आई सकाळी आठला यायची, तिचं सोवळं उरकायची, मग आत्याच्या खोलीत शिरायची. मी दाराशी बसून पोथी वाचायचे. देवांशी आई तिच्या वॉर्डाच्या इंग्रजीत बोलायची, कारण पेशंटला अंघोळ घालतानाची भाषा तिच्या तोंडात तीच बसली होती. "ऑल राइट, डार्लिंग, जस्ट अ क्विक वॉश," असं म्हणत ती अन्नपूर्णेच्या पाठीवर कोमट पाणी सोडायची. गणपतीला "गुड मॅन." नाक मोकळं आहे ना ते दोनदा बघायची. बारापर्यंत जागं राहणं तिला शक्यच नव्हतं, तेव्हा नैवेद्य तिथेच, त्याच वेळी: ती जे खाणार ते. टोस्ट, लोणी, चहा. दाखवायची, डोळे मिटायची, आणि मग जमिनीवरच बसून खायची. संध्याकाळी फोनवर आत्या स्वतःच्या ऑपरेशनच्या टाक्यांबद्दल चकार शब्द काढायची नाही. विचारायची, कसे आहेत? आई म्हणायची, कम्फर्टेबल. हा शब्द ती रोज कितीतरी अनोळखी घरांना फोनवर सांगत असे, पण तो इतक्या सहज खरा असण्याची संधी तिला त्या काळात आमच्या घरीच मिळत होती.

आत्या परत आली ती निम्मी होऊन, आणि रंगाने पूर्वीसारखी सावळी. दारातच आईने तिला थांबवलं आणि खोलीत नेऊन रीतसर हँडओव्हर दिला. गणपती ठीक. अन्नपूर्णा ठीक, एकदा हळद डोळ्यात गेली होती, धुतली. टाक पुसले, घासले नाहीत. खाणं: टोस्ट आणि चहा, सगळ्यांनी घेतलं.

"टोस्ट," आत्या म्हणाली.

"लोणी लावून."

आत्या बाळकृष्णापाशी वाकली. तो आईच्या लोकरी मोज्यात गळ्यापर्यंत घातलेला होता, जांभळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. देवाला पायातला मोजा. मी दोन पावलं मागे सरले. बाबा तर मागच्या मागे पँट्रीत गेले.

"वापरलेला?"

"नवा," आई म्हणाली. "लेबल मीच काढलं."

आत्याने मोज्याची कड बोटाने जरा खाली केली, हनुवटीला टोचू नये इतकी, आणि सरळ झाली. "सरकला नाही म्हणजे," एवढंच म्हणाली.

रविवारी व्हिडिओ कॉल झाला. बाबांनी ठाण्याला "छोटंसं ऑपरेशन" यापलीकडे काही कळवलेलं नव्हतं. संतपदाची वार्ता त्यांनीच दिली होती, ती मागे कशी घेणार? नीलाकाकू चष्मा पुसून पुसून बघत राहिली आणि शेवटी हळहळली, "ताई, ते तेज गेलं हो तुमचं."

"काढलं डॉक्टरांनी," आत्या म्हणाली. "दुर्बिणीतून."

आता तुम्हाला वाटेल की आत्याचं मग मतपरिवर्तन झालं, आधी देह मग देव वगैरे. मुळीच नाही. देवांच्या आधी त्या घरात कोणीही जेवलं नाही, शेवटपर्यंत नाही. आत्याने फक्त देवांची वेळ बदलली. चार दिवस विश्रांती घेऊन ती उठली तेव्हा तिने पहाटे स्नान केलं, दिवस उजाडता उजाडता पूजा आटपली, आणि आठच्या ठोक्याला खोलीतून घंटा वाजली. नैवेद्याला उपमा होता, वर तूप. आई अंघोळ करून काचेच्या दारात आली तेव्हा ताट बाहेर कट्ट्यावर, झाकून. "देव जेवले," आत्या आतून म्हणाली. "आता तू खा." आईला ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी देव बाराला जेवत. दिवसपाळी असली तर त्यांना सकाळी सहालाच उरकावं लागे. आईचं ड्यूटी रोस्टर आलं की आत्या तिच्याइतकंच लक्षपूर्वक बघायची. टोस्टरवर धूळ बसली. बाबांनी याला प्रायॉरिटीज रीअलाइन करणं म्हटलं. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दारं उघडली तशी आत्या पुण्याला परत गेली, डबा मांडीवर, डब्यात मोजा. विमानतळावर तिला काही विचारलं नाही याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

आणि एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं, की तिच्या सोसायटीत हल्ली तिची फार कीर्ती झाली आहे. झालं असं होतं, की सिडनीतले सकाळचे आठ म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेतीन, आणि आमच्याकडे घड्याळं पुढे केली की अडीच. आईची रात्रपाळी असेल तेव्हा आत्या त्या हिशेबाने उठून स्नान करत होती, उपमा करत होती, घंटा वाजवत होती, आणि मग आईच्या फोनवर "देव जेवले" असा संदेश येत होता. इतक्या दुरून, भर पहाटे तिचे देव अजून वेस्टमीडच्या पाळीवर होते. खालच्या मजल्यावरच्या बायकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त दिवा दिसायचा. त्या म्हणत होत्या, काय ही उग्र साधना, आणि ताईंच्या चेहऱ्यावर हल्ली काय तेज आलंय.

आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई," ती म्हणाली, "खिडकीपाशी या. उजेडाकडे बघा. आता खालची पापणी ओढा."